नैवेद्याचा आंबेमोहोर



वसंतातल्या व्याख्यानाला तांदळासारखा विषय घेतला म्हणून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहासाच्या अभ्यासकाने तहनामे, लढाया आणि बखरी यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. परंतु इतिहास जसा दप्तरखान्यात असतो तसा तो कोठीच्या खोलीतही असतो. आज मी आपणांस त्या कोठीतला एक डबा उघडून दाखवणार आहे. तो डबा बहुतेक घरांत आता रिकामा आहे, किंवा त्याच्यावर चिठ्ठी एक आणि आत जिन्नस दुसरा अशी अवस्था आहे. तो रिकामा कसा झाला, हाच आजचा विषय.

प्रसंग घरगुती आहे. गेल्या श्रावणाच्या अखेरीस आमच्या मातोश्रींनी फर्मान काढले की, यंदा चतुर्थीच्या मोदकांची पिठी खऱ्या आंबेमोहोराची हवी. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि या वयात माणूस फार मागण्या करीत नाही. जी करतो ती टाळता येत नाही. मी म्हटले, "आई, दर वर्षी आंबेमोहोरच आणतो की!" त्यावर त्या म्हणाल्या, "तू आणतोस तो तांदूळ शिजतो, पण शेजारी कळत नाही." ज्यांनी जुन्या वाड्यांतले दिवस पाहिले आहेत त्यांना या उत्तराचा अर्थ सांगायला नको. त्या काळी एका बिऱ्हाडात आंबेमोहोराचा भात उतरला की चौकातल्या साऱ्या बिऱ्हाडांना कळत असे की, आज यांच्याकडे कोणीतरी पाहुणे आहेत किंवा काहीतरी कुळाचार आहे.

मी पिशवी घेऊन निघालो. मंडईच्या आसपासची दुकाने पाहिली, रविवार पेठ पाहिली, गुलटेकडीला मार्केट यार्डात जाऊन आलो आणि अखेर उपनगरातल्या एका चकचकीत दुकानातही डोकावलो. गंमत अशी की आंबेमोहोर नाही असे एकाही ठिकाणी कोणी म्हटले नाही! एके ठिकाणी तर 'नंबर एक' आणि 'नंबर दोन' असे दोन आंबेमोहोर होते. प्रत्येक ठिकाणचा पावशेर पावशेर नमुना मी घरी आणला. मातोश्रींनी प्रत्येकातली मूठभर घेतली, मूठ मिटून तिच्यात तोंडाची वाफ सोडली, हुंगली आणि पुडी बाजूला ठेवली. अशा पाच पुड्या बाजूला पडल्या. सहाव्या दुकानदाराने मात्र खरे सांगितले. तो म्हणाला, "काका, नावाला आंबेमोहोरच आहे. दाणा तसाच आखूड आहे, पण माल परप्रांतातला. खरा पाहिजे असेल तर पौडाच्या पुढे जा आणि कोणाच्या घरी मिळाला तर बघा."

त्या गृहस्थाचे मी आभार मानले. पण परतताना मनात प्रश्न उभा राहिला तो तेथून हलेना. पौड पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटर. ज्या शहराच्या दाराशी आंबेमोहोराची खाचरे आहेत, त्या शहरात देवापुढे ठेवण्यापुरता तो तांदूळ का मिळू नये? दुकानदार लबाड आहेत, हे उत्तर सोपे आहे आणि आपणां पुणेकरांना ते आवडतेही. पण मी जसजसे जुने कागद चाळू लागलो तसतसे मला वाटू लागले की, या कथेत दुकानदार अगदी शेवटच्या अंकात येतो. त्याआधीचे अंक निराळ्याच लोकांनी वठवले आहेत, आणि त्यांत आपले वाडवडीलही आहेत.

प्रथम हा तांदूळ कोणता ते पाहू. याच्या भाताला आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून हे नाव. दाणा बासमतीसारखा लांब नाही. लांबी सुमारे साडेपाच मिलिमीटर आणि रुंदी दोनहून किंचित जास्त, म्हणजे आखूड आणि गुबगुबीत. बासमतीला ज्या द्रव्यामुळे सुवास येतो तेच द्रव्य याच्यातही असते. रसायनशास्त्रज्ञ त्याला टू-असेटिल-वन-पायरोलीन म्हणतात. हे नाव घेताना जिभेला जो त्रास होतो तो वास घेताना होत नाही, हे आपले भाग्य. शिजल्यावर हा भात मऊ होतो आणि शिते एकमेकांना धरतात. बिर्याणीला हा गुण अवगुण ठरेल; आपल्या पानात मात्र तोच गुण. वाटीने पाडलेली मूद पानावर न ढासळता उभी राहते, तिच्यावर वरण आणि तूप घातले की तिच्यात मुरते. आजाऱ्याला पेज, बाळाला पहिला मऊ भात आणि देवाला नैवेद्य, तिन्ही कामांना आपल्याकडे हाच तांदूळ काढीत.

मोदकाच्या बाबतीत तर त्याचा हा गुण निर्णायक आहे. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून त्याची बारीक पिठी दळायची. पाण्याला आधण आले की त्यात तूप आणि मीठ घालून पिठी वैरायची, वाफ आणायची आणि उकड गरम आहे तोवर तेलापाण्याच्या हाताने मळायची. ही उकड चिकटपणाने धरली नाही तर पारी फाटते, कळ्या पडत नाहीत आणि सारण बाहेर डोकावते. तेव्हा मातोश्रींचा आग्रह केवळ जुन्या आठवणींचा नव्हता; त्यात पाकशास्त्र होते.

आता हा तांदूळ येत कोठून असे? पुणे शहराच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्यांची खोरी आहेत. त्यांनाच आपण मावळ म्हणतो. शिवरायांच्या चरित्रामुळे बारा मावळांची नावे आपल्या कानांवर असतात, पण मावळ म्हटले की आपल्याला ढाल-तलवार आठवते, नांगर आठवत नाही. वास्तविक तो प्रदेश भातकऱ्यांचा. पुणे शहरात जेमतेम पाऊणशे सेंटिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीकडे जावे तसतसा तो कितीतरी पटींनी वाढतो. त्या पावसात डोंगरउतारावर बांध घालून खाचरे करायची, वैशाखात राब भाजायचा, मृगात रोप टाकायचे, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी करायची, असा तेथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पीक भरण्याच्या वेळी तेथे हवा थंड होऊ लागते, आणि दाणा भरताना हवा थंड असली तर सुवासिक भातांचा वास अधिक चांगला धरतो असा अनुभव आहे. म्हणून बी तेच असले तरी सखल, उष्ण मुलखात पिकलेल्या दाण्याला तो दरवळ येतोच असे नाही.

हा तांदूळ पुण्याच्या वाड्यांत दोन वाटांनी येत असे. एक वाट बाजाराची: दिवाळीनंतर पौडाच्या रस्त्याने बैलगाड्या येत आणि भुसारवाल्यांच्या वखारीत उतरत. दुसऱ्या वाटेविषयी आपण फारसे बोलत नाही. ती खंडाची आणि व्याजाची वाट. पुण्यातल्या अनेक सुखवस्तू घरांच्या जमिनी मावळात होत्या. काही इनामाने मिळालेल्या, आणि पुष्कळशा गहाणाच्या कागदांवरून हळूहळू सावकाराच्या नावावर चढलेल्या. शेतकरी तोच, खाचर तेच. फक्त तो आता मालकाचा कूळ झालेला. पीक आले की त्याने मालकाच्या वाट्याचे भात पुण्याला पोचवायचे. 'आमचा घरचा तांदूळ' असे जुन्या घरांत अभिमानाने म्हणत, त्यातल्या 'घरचा' या शब्दाचा पुष्कळदा अर्थ हा होता. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, दख्खनचे दंगे झाले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, हे आपण शाळेत शिकतो. ते दंगे पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. पश्चिमेचा भातकरी तेव्हा शांत होता. पण कागदांचे जाळे त्याच्याही भोवती विणलेले होते. पुढे काय झाले ते समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी.

मावळात पाऊस अफाट आणि सह्याद्रीचा कडा सरळ तुटलेला. हे पाणी पूर्वेकडे वाहू न देता अडवून कड्यावरून पश्चिमेला खाली सोडले, तर त्यातून मोठी वीज निर्माण होईल ही कल्पना टाटांच्या उद्योगसमूहाने उचलली. लोणावळ्याजवळची धरणे बांधून खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. आंध्रा नदी अडवून भिवपुरीचे वीजघर १९२२ साली उभे राहिले. तिसरी योजना मुळशीची. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे आणि ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणातल्या भिऱ्याला सोडायचे. वीज मिळणार मुंबईला आणि तिच्या गिरण्यांना. पाण्याखाली जाणार मुळशी पेट्याची खाचरे: सुमारे बावन्न गावांना या योजनेची झळ पोचणार होती आणि दहा-अकरा हजार माणसांचा तो प्रश्न होता.

हे खोरे आंबेमोहोराचे माहेर. तेथला माणूस देशोधडीला जाण्याच्या भीतीने प्रथमच एकवटला. १९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे, त्यांच्या बायका आणि मुले धरणाच्या कामावर जाऊन बसली. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून संघटना उभी केली होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि या लढ्यानेच त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. शंकरराव देवांसारखे तरुण त्यात होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून टाटांना कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी सामोपचाराने वागण्याचा सल्ला दिला. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास करून ग्रंथ लिहिला आहे आणि जगातला पहिला धरणविरोधी लढा असे त्याचे वर्णन केले आहे. स्वातंत्र्यानंतर धरणग्रस्तांचे जे लढे झाले त्या सर्वांचा हा थोरला भाऊ आहे, आणि तो आपल्या शहरापासून चार-पाच तासांच्या सायकलफेरीवर झाला.

लढा फसला का? सरकारने १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याचे बळ कंपनीच्या मागे उभे केले, हे एक कारण. पण आज मला दुसऱ्या कारणाकडे लक्ष वेधायचे आहे. जमीन कसणारा मावळा म्हणत होता, 'जान किंवा जमीन.' पण कागदोपत्री बऱ्याचशा जमिनीचा मालक तो नव्हताच. मालक होता पुण्यात. आणि त्या मालकाच्या दृष्टीने खाचर म्हणजे एक रक्कम होती. योग्य भाव मिळाला तर रक्कम कोणत्या रूपात आहे याचे त्याला फारसे सोयरसुतक नव्हते. पुण्यातल्या कित्येक सावकारांनी मोबदल्याची बोलणी पत्करली. त्यांच्या बाजूने बोलायचे तर, सरकार जमीन घेणारच आहे, मग पदरात चांगली किंमत तरी पाडून घ्यावी, असा त्यांचा व्यवहारी हिशोब होता. चळवळीतल्या काही पुढाऱ्यांनाही अखेरीस तो पटू लागला. परंतु मोबदल्याचे पैसे ज्याच्या नावावर सातबारा त्याला मिळतात. ज्या कुळाच्या हाताला चिखलाचा वास होता त्याच्या हाती फार थोडे पडले. चळवळीत फूट पडली ती येथे.

सेनापती बापट शेवटपर्यंत हटले नाहीत. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी थोड्या सहकाऱ्यांसह धरणाच्या कामावरची आगगाडी अडवून सशस्त्र हल्ला केला आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीच्या खाचरांवर पाणी चढले ते आजतागायत आहे.

श्रोतेहो, मी कोणाच्या वाडवडिलांवर फिर्याद करायला उभा नाही. माझ्याही घराण्याचे कागद पूर्णपणे स्वच्छ असतील अशी ग्वाही मी देत नाही. पण वस्तुस्थिती अशी आहे की, ज्या शहरात आंबेमोहोराची मूद देवापुढे ठेवली जात होती, त्याच शहरातल्या काही दिवाणखान्यांत त्या आंबेमोहोराच्या शेतांचा सौदा झाला. त्या वर्षी चतुर्थीला मोदक झालेच असतील. एका खोऱ्यातला तांदूळ कमी झाला म्हणून शहर अडत नाही. मावळात, भोरकडे, पानशेतच्या बाजूला आणखी खाचरे होती. म्हणूनच कोणाला काही जाणवले नाही.

पुढचा अंक युद्धाचा. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रंगूनच्या तांदळाची वाट बंद झाली. १९४३ पासून मुंबई इलाख्यात शहरांतून शिधापत्रिका आल्या. रेशनच्या दुकानात जो तांदूळ मिळे तो घ्यायचा, जातीचे नाव विचारायचे नाही, अशी पुणेकरांच्या जिभेला तेव्हा प्रथमच सवय लागली. सणाचा आंबेमोहोर मिळवायचा तर मावळातल्या ओळखीच्या माणसाकडून पायली-दोन पायली लपवून आणायचा. आमच्या मातोश्रींची आई रेशनचा तांदूळ रोजच्या डब्यात आणि आंबेमोहोर लहान बरणीत ठेवी. ती बरणी चतुर्थी, ऋषिपंचमीनंतरचे महालक्ष्मीचे जेवण आणि श्राद्धपक्ष एवढ्याच वेळी उघडत असे. रोजचे अन्न सणाचे झाले, ही त्याच्या ऱ्हासाची पहिली पायरी होय. जी वस्तू वर्षातून चार वेळा लागते तिच्यासाठी शेतकरी आपले सबंध शेत कसे गुंतवील?

त्यानंतरचा अंक पाण्याचा, आणि येथे आरोपीच्या पिंजऱ्यात आपण सगळेच उभे आहोत. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकातले. त्याच्या वरच्या अंगाला पानशेत झाले. १२ जुलै १९६१ ला ते फुटले, खडकवासल्यालाही त्याने ओढून नेले आणि पुण्यावर जो प्रलय आला त्याची आठवण सांगणारी माणसे अजून या शहरात आहेत. पानशेत पुन्हा बांधले; मग मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर. या धरणांचे पाणी आपण पितो, नळाला दोन दिवस आले नाही तर मोर्चा काढतो. ते हवेच, त्यावाचून हे शहर एक दिवस जगणार नाही. पण या तळ्यांच्या बुडाशी काय आहे? आंबी, मोसे आणि मुठेच्या काठची भातखाचरे. मुळशीच्या वेळी वीज मुंबईला गेली असे म्हणता आले. या वेळी पाण्याचा पेला आपल्याच हातात आहे.

आता शास्त्रज्ञांचा अंक. या अंकात खलनायक नाही. आंबेमोहोराचे झाड उंच आणि ताट नाजूक. लोंबी भरली आणि वारा-पाऊस आला की पीक लोळते. उत्पन्न हेक्टरी दोन टनांच्या आतबाहेर. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ या निवडक वाणाचा फिलिपीन्सहून आलेल्या ठेंगण्या आयआर ८ शी संकर करण्यात आला आणि १९८७ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'इंद्रायणी' ही जात प्रसारित केली. ती लोळत नाही, उत्पन्न दुपटीच्या घरात देते आणि वासही बऱ्यापैकी राखते. मावळच्या शेतकऱ्याने ती आनंदाने उचलली. त्याच्या घरात त्यामुळे चार पैसे आले, मुलांची शिक्षणे झाली. हे पाहून आनंद मानायचा की आंबेमोहोर गेला म्हणून रडायचे? मी आनंद मानतो. इंद्रायणी ही आंबेमोहोराची लेक आहे. तिने घर सांभाळले. फक्त लेकीला आईचे नाव देऊन बाजारात उभे करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि आईचे बी कोठेतरी जिवंत राहिले पाहिजे, कारण पुढच्या शंभर वर्षांत जो कोणी नवी सुवासिक जात तयार करील त्याला ते लागणार आहे.

शेवटचा अंक घरांचा. मुळशी तालुका म्हटले की आज तरुणांना काय आठवते? हिंजवडी. संगणकाच्या कंपन्यांची ती नगरी महसुली हिशोबाने मुळशी तालुक्यात आहे. पिरंगुटला कारखाने, भूगावला इमारती आणि त्यापुढे तलावाच्या कडेकडेने शनिवार-रविवारचे बंगले. शंभर वर्षांपूर्वी खाचर ही सावकाराला रक्कम वाटत होती. आज ती खुद्द शेतकऱ्याच्या मुलालाही तशी वाटू लागली आहे. त्याला दोष कोण देणार? हेक्टरी दोन टन भाताचा हिशोब आणि गुंठ्याच्या भावाचा हिशोब शेजारी शेजारी मांडला तर कोणत्या बाजूने कौल पडेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

मग उरले काय? उरले नाव. नावाचीही एक कथा आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने बासमतीच्या जातींवर पेटंट मिळवले तेव्हा आपल्या देशात खळबळ उडाली, आणि एखाद्या मुलखाच्या नावावर त्या मुलखाचा हक्क असतो ही जाणीव आपल्याकडे प्रथम तीव्रतेने झाली. १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला, २००३ साली तो अमलात आला, आणि २०१६ साली आंबेमोहोराला ते मानांकन मिळाले. हे चांगले झाले. पण कायदा पोत्यावरच्या नावाचे रक्षण करील. पोत्यात घालायचा दाणा पिकवणे हे कायद्याचे काम नव्हे. आंब्याच्या पेटीवर रत्नागिरी लिहिले म्हणजे आतला आंबा तेथला होत नाही, हे आपण दर उन्हाळ्यात अनुभवतोच.

आता पुन्हा माझ्या पिशवीकडे वळतो. त्या प्रामाणिक दुकानदाराच्या सांगण्यावरून मी एका सकाळी एसटीने मुळशीकडे गेलो. भर श्रावण, दोन्ही बाजूंना हिरवी खाचरे, त्यांतली बहुतेक इंद्रायणीची. धरणाच्या पुढे एका वस्तीवर चौकशी करीत करीत एका वृद्ध शेतकऱ्याच्या ओटीवर पोचलो. मी म्हटले, "बाबा, आंबेमोहोर मिळेल का थोडा? देवाच्या नैवेद्याला हवा आहे." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "पुण्याचं का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "बसा. च्या घ्या."

चहा होईपर्यंत पुष्कळ बोलणे झाले. ते फक्त दहा गुंठ्यांत आंबेमोहोर लावतात, तोही घरच्यापुरता. अधिक का लावीत नाही, असे विचारले तेव्हा म्हणाले, "लोळतंय. राहिलं ते रानडुकरं तुडवित्यात. आन् बाजारात न्यावं तर व्यापारी इंद्रायणीचाच भाव लावतोय. मग कशापायी?" मग हे दहा गुंठे तरी कशासाठी, या माझ्या प्रश्नाला त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. ओटीवरून खाली तलावाचे भरलेले पाणी दिसत होते. तिकडे हात करून म्हणाले, "आमच्या आज्याचं खाचर तिकडं हाय, पाण्यात. बी तितलं हाय. म्हाताऱ्यानं निघताना पोतंभर बी तेवढं डोक्यावर आणलं. ते मोडायचं न्हाई म्हणून लावतो."

श्रोतेहो, मी दप्तरांतून मुळशीच्या लढ्याचे पुष्कळ कागद पाहिले होते. पण तो कागद मी पहिल्यांदा वाचला असे मला वाटले. एक कुळ गाव सोडून निघते. मोबदला मिळालेला नाही किंवा मिळाला तो कर्जात वळता झालेला. अशा वेळी त्या कुणब्याने भांड्याकुंड्यांआधी डोक्यावर बियाणे घेतले, ते तीन पिढ्या दहा गुंठ्यांत जिवंत ठेवले, आणि त्या बियाण्यातला तांदूळ मागायला पुण्याचा माणूस पिशवी घेऊन त्याच्या दारात उभा. माझी मान खाली गेली हे कबूल करतो.

त्यांनी मला दोन पायली तांदूळ मोजून दिला. पैसे विचारले तेव्हा इंद्रायणीचाच भाव सांगितला. मी दुप्पट देऊ केले; ते घेईनात. शेवटी त्यांच्या सूनबाईंनी मध्यस्थी केली आणि दीडपटीवर आमची तडजोड झाली. निघताना ते म्हणाले, "फुडल्या साली येणार असाल तर आत्ताच सांगा. तेवढा जास्ती लावीन."

घरी आल्यावर मातोश्रींनी मूठ मिटली, वाफ सोडली आणि हुंगली. काही बोलल्या नाहीत. उठून जुनी बरणी घासायला काढली. चतुर्थीच्या दिवशी उकड मळून झाली तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या सूनबाई दारात येऊन विचारून गेल्या, "काकू, आज काय केलंय?"

तात्पर्य सांगण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वीज नको, पाणी नको, घरे नकोत, असे म्हणणारा माणूस मी नव्हे. संध्याकाळी या मांडवात दिवे लागतात ते मला हवेच आहेत. परंतु ज्या खोऱ्यांनी आपल्याला वीज, पाणी, घरे आणि भात असे चारही जिन्नस दिले, त्यांच्याशी आपला व्यवहार तीन जिन्नसांचा चोख आणि चौथ्याचा फुकटाचा असा राहिला आहे. आंबेमोहोर हवा असेल तर त्याचा भाव इंद्रायणीच्या भावाने ठरवू नये. त्याचे उत्पन्न निम्मे, म्हणून किंमत दुप्पट. हा हिशोब साधा आहे आणि पुणेकराला हिशोब समजावून सांगण्याची गरज कधीच पडलेली नाही. दुकानात जाऊन 'आंबेमोहोर आहे का?' असे न विचारता 'कोणत्या गावचा आहे?' असे विचारावे. शंभर गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला तर एकशे पहिल्याला खरे उत्तर मिळू लागेल. आणि शक्य असेल त्याने लावणीच्या आधी, म्हणजे याच दिवसांत, आपल्या घराला चतुर्थीपुरता किती लागेल ते मावळातल्या एखाद्या शेतकऱ्याला सांगून यावे.

आज वैशाख आहे. आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या पाडाला आल्या आहेत आणि मावळात राब भाजण्याची वेळ झाली आहे. त्या म्हाताऱ्यांना मी यंदाच्यासाठी चार पायली सांगून आलो आहे. त्यांनी विचारले, "इतका कशाला?" मी म्हटले, "व्याख्यान द्यायचं आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी मागायला येईल."